संकष्टीच्या दिवशी हर्णै: एका कॅराव्हॅन मुक्कामाचं प्रकरण

2023 च्या डिसेंबरअखेरीस पुण्याचं एक कुटुंब भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन कोकण किनाऱ्याने निघालं होतं. अलिबागहून गणपतीपुळ्यापर्यंत, होता होईल तो समुद्र उजव्या हाताला ठेवून. सत्तरी ओलांडलेल्या आजी, मुलगा, सून, आठवीतली नात, चौथीतला नातू आणि सहावा गाडीचा चालक. दिवेआगर छान झालं, हरिहरेश्वर छान झालं. 30 डिसेंबरच्या शनिवारी दापोली तालुक्यातल्या हर्णैला मुक्काम होता आणि तो पार फसला. रात्री साडेआठला ती गाडी मुरूडला आमच्या वाडीच्या फाटकाशी येऊन थांबली, तेव्हा आजी सोडून कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सून खाली उतरली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "काकू, तुमचं हर्णै अगदीच बेकार निघालं हो."

दापोली तालुक्यातल्या या मुरूडला (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं) आमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि तिथेच पाहुण्यांसाठी खोल्या. गाडीची दुरुस्ती निघाल्यामुळे ही मंडळी आमच्याकडे नवीन वर्षापर्यंत राहिली. चालकाशी बोलले, आजींशी बोलले, हर्णैला मासळीच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या बायकांशीही बोलले. सगळं एकत्र लावून पाहिल्यावर त्या दिवसाची गोष्ट बरीच वेगळी दिसते. हर्णै बेकार नाही. त्या गाडीला, त्या तिथीला, त्या वेळी तिथे आणून उभं करणं चुकीचं होतं, आणि असं का झालं हे नीट समजून घेतलं नाही तर पुढची गाडीही तिथेच येऊन अडकणार.

गाडी कशी होती, बेत कसा होता

2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल आमच्याकडे बोललं जातं. ही गाडी बारा-तेरा आसनी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली होती. लांबी सात मीटरच्या आसपास, टपावरचा एसी धरून उंची तीन मीटर. आत चौघांना झोपता येईल अशी सोय, नातू आजीजवळ. दोन शेगड्या, छोटं बेसिन, शॉवर आणि संडास. खाली चेसिसला दोन टाक्या: चांगल्या पाण्याची 120 लिटरची, आणि बेसिन-शॉवरचं सांडपाणी साठवणारी दुसरी. संडासाखाली वीसेक लिटरची सरकती पेटी, ती बाहेरून ओढून काढायची आणि रिकामी करायची. विजेसाठी बॅटरी आणि इन्व्हर्टर. बाहेरची वीज घ्यायची तर पंधरा अँपिअरचा प्लग लागतो.

या गाडीची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मागचं चाक जिथे संपतं त्याच्यामागे गाडीचं शेपूट बरंच लांब आहे आणि सांडपाण्याची टाकी नेमकी त्या शेपटाखाली लटकलेली आहे. टाकीची तोटी सगळ्यात खाली. सपाट हमरस्त्यावर त्याचा काही त्रास नाही. फेरीबोटीच्या उतारावर आहे.

बेत गाडी देणाऱ्यांनी आखून दिलेला होता. मी तो कागद पाहिला. शनिवारच्या ओळीत लिहिलं होतं: बागमांडला–वेश्वी फेरी, आंजर्ले दर्शन, हर्णै बीच, सुवर्णदुर्ग बोट, सूर्यास्त, रात्रीचा मुक्काम. रविवारच्या ओळीत दाभोळ–धोपावे फेरी आणि गुहागर. म्हणजे दोन खाड्या, दोन फेरीबोटी आणि त्यांच्या मध्ये नकाशावर एक नाव सापडलं, हर्णै. अंतराच्या हिशेबात ते बरोबर बसतं. त्या कागदावर किलोमीटर होते, तारखा होत्या, गुगलवरची वेळ होती. तिथी नव्हती.

तिथी का, हे सांगते. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची ढोबळ वेळ काढायला घड्याळापेक्षा पंचांग जवळचं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आगेमागे पूर्ण भरती. तिथून सहा तास मागे गेलं की सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि उधाण मोठं, अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. ती 30 तारीख वद्य चतुर्थी होती. संकष्टी. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे चढउतार अजून चांगली मोठी.

सकाळी: उतारावरचा खरखराट

हरिहरेश्वरहून मंडळी आठच्या आधी निघाली. बागमांडल्याला वर्षअखेरची रांग होती. त्यांचा नंबर लागला तेव्हा नऊ वाजायला आले होते, म्हणजे खाडीचं पाणी तळाला. पाणी खाली गेलं की बोट धक्क्याच्या उताराच्या अगदी शेवटच्या टोकाला लागते. गाडी आधी उतारावरून खाली जाते आणि लगेच बोटीच्या फळीवर वर चढते. पुढची चाकं वर, मागची अजून उतारावर, आणि या दोन्हींच्या मध्ये जो कोन होतो त्यात लांब शेपटाची गाडी मागे टेकते. जीप, कार, रिक्षा सहज जातात. ही टेकली.

चालक साताऱ्याकडचा, हात बसलेला माणूस. त्याने आवाज ऐकला, वेश्वीला उतरल्यावर वाकून पाहिलं. सांडपाण्याची टाकी हरिहरेश्वरला रिकामी केलेली होती, त्यामुळे थेंबही गळत नव्हता. तोटीला बारीक चीर गेली होती ती चिखलाखाली दिसली नाही. मला तो म्हणाला, "ताई, आदल्या रात्री कुणी भरतीची वेळ सांगितली असती, तर मी साडेसहालाच नाहीतर सरळ साडेअकराला रांगेत उभा राहिलो असतो. अर्ध्या पाण्यावर हीच गाडी आरामात चढते." अलीकडच्या खाड्यांवर तिने ते केलंही होतं, आगरदांडा–दिघीला काही झालं नव्हतं. फरक फक्त पाण्याच्या उंचीचा.

पुढे केळशी–आंजर्ल्याच्या बाजूचा रस्ता. अरुंद, वळणावळणाचा, समोरून एसटी आली की एकाने मागे जायचं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला संकष्टीची गर्दी होती, त्यात सुट्ट्या. पण आजींना नेमकं याच दिवशी दर्शन हवं होतं आणि ते मिळालं, तेव्हा हा भाग वाया गेला असं कुणीच म्हणणार नाही. त्या टेकडीवरून सुवर्णदुर्ग समुद्रात बसलेला दिसतो. मुलांनी तिथून किल्ला पाहिला आणि आता आपण तिकडेच जाणार म्हणून उड्या मारल्या. खाली आल्यावर गाडी एका झाडाखाली लावून सुनेने साधी खिचडी टाकली, आजींसाठी साबुदाण्याची वेगळी, भांडी घासली, सगळ्यांनी हातपाय धुतले. ते सगळं पाणी त्या चीर गेलेल्या तोटीच्या टाकीत गेलं.

चार वाजता: बंदर

आंजर्ल्याची खाडी ओलांडली की अडखळ, मग पाजपंढरी, मग हर्णै. पाजपंढरीच्या घरांमधून रस्ता जातो तेव्हाच कळायला हवं की हा सहलीचा किनारा नाही, ही मासेमारीची वस्ती आहे. हर्णैचं बंदर का झालं ते किनाऱ्यावर उभं राहिलं की दिसतं. समोर सुवर्णदुर्ग आणि इकडे जमिनीची पुढे आलेली नाकं, यांच्या आडोशाला पाणी जरा शांत राहतं. आंग्र्यांच्या आरमारालाही तो आडोसा उपयोगी पडला: समुद्रात सुवर्णदुर्ग आणि त्याच्या पाठीशी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. तोफा गेल्या, आडोसा राहिला, आणि आज त्याच आडोशाला होड्या आणि ट्रॉलर नांगर टाकून उभे असतात. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांमध्ये सुवर्णदुर्गाचं नावही जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हा किल्ल्यासाठी हर्णैला येणाऱ्यांनी तर हे आणखीच लक्षात घ्यावं: किल्ला पाहायला जायची वाट एका कामाच्या जागेतून जाते.

आणि त्या कामाची मोठी वेळ संध्याकाळची. दुपार कलली की नौका येऊ लागतात. मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात जातात, गाडीवर टोपल्या चढतात, गाडी वाळूवर येते. मासळीचे ढीग लागतात, ढिगावर बोली होते. कोळंबी, बांगडा, सुरमई, म्हाकूल, नशिबात असेल तर शेवंड. घेणारे व्यापारी, हॉटेलवाले, टोपली घेऊन गावोगाव जाणाऱ्या बायका. वर रस्त्यावर बर्फाचे टेम्पो आणि मासळी नेणाऱ्या बंद गाड्या तोंडाला तोंड लावून. तास-दोन तासांत हजारोंचा माल हातोहात जातो आणि उन्हात ठेवून चालत नाही, त्यामुळे कुणालाही थांबायला सवड नसते. ओहोटीला किनारा रुंद असतो, लिलाव खाली वाळूत पसरतो. भरतीला पाणी वर येतं आणि तोच सगळा बाजार रस्त्याच्या बाजूला ढकलला जातो.

कॅराव्हॅन तिथे चारच्या सुमारास पोचली. भरती नुकती ओसरू लागलेली. म्हणजे किनारा अरुंद, ढीग रस्त्याच्या कडेपर्यंत, वर्षअखेरचे पर्यटक मोबाईल वर धरून गर्दीत, आणि त्यात सात मीटरची गाडी उतारावरून खाली येते आहे. मागे टेम्पो लागला, पुढे बर्फाची गाडी. वळायला जागा नाही. चालकाने हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली आणि नेमकी तेव्हाच मागची टाकी बोलू लागली. खिचडीच्या भांड्यांचं, साबणाचं पाणी धार लावून रस्त्यावर. खाली एक बाई कोळंबीचा ढीग राखत बसली होती. तिच्या ढिगापासून हातभर अंतरावर ते पाणी आलं.

ती बाई माझ्या ओळखीची. तिने मला सांगितलं ते असं: "मी आधी पायाने वाळूचा बांध घातला, मग ओरडले. दादा, गाडी थांबव, म्हावऱ्यावर घाण येतंय! गाडीवर संडासाचं चित्र काढलेलं, मला काय कळणार ते भांड्याचं पाणी आहे का कसलं?" तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो ढीग तिच्या घरातल्या दोन माणसांच्या रात्रभराच्या कामाचा होता, आणि त्याच्या बाजूला संशयाचं पाणी आलं हे व्यापाऱ्याने पाहिलं की बोली तिथेच पडते. चार माणसं जमली, गाडीच्या पत्र्यावर थापा पडल्या. कुणी हात उगारला नाही. दोन पोरांनी तोटीखाली बादली धरली आणि गाडी वर काढून दिली. सुनेच्या आठवणीत मात्र फक्त थापा राहिल्या, बादली राहिली नाही. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, त्यात नवल नाही.

मुलांना किल्ल्यावर जायचं होतं. दिवस मावळतीला लागलेला, होडीवाला तयार झाला नाही, आणि तेही बरोबरच. सुवर्णदुर्गाला उतरायला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते, परत येताना अंधार झाला तर लहान मुलांना घेऊन ते धोक्याचं. पोहायला म्हणावं तर पाण्यावर डिझेलचा तवंग, वाळूत दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे, माशांची डोकी. हर्णैचं म्हणून जे काही आहे ते मासळी. ताजी सुरमई घ्यावी आणि तिथेच कुणाकडून तळून घ्यावी, यासाठी लोक दापोलीहून उतरून येतात. पण त्या दिवशी संकष्टी. त्या घरात मासा शिजणार नव्हता, आजींना तर चंद्रोदयापर्यंत उपास.

म्हणजे एका तिथीने सकाळी तोटी फोडली, दुपारी देवळात उशीर केला, संध्याकाळी बाजार रस्त्यावर आणला आणि गावातली सगळ्यात चांगली गोष्ट या कुटुंबासाठी बंद ठेवली. हे सगळं आठवडाभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं होतं.

रात्र: वीज, पाणी आणि ती पेटी

गाडी वर एका मोकळ्या जागेत लावली. वाऱ्याची दिशा बंदराकडून. खिडक्या उघडल्या की वास आणि डास, मिटल्या की एसी हवा. एसीचं गणित साधं आहे: बॅटरीत जेवढी वीज होती त्यावर एक टनाचा एसी फार तर दोन-अडीच तास चालतो. दिवसभर गाडीतला फ्रिज आणि पंखे चालून त्यातली बरीच संपली होती. सातला दिवे पिवळे पडायला लागले. त्याच सुमारास संडासाच्या पेटीचा लाल दिवा लागला, म्हणजे पेटी भरली. चांगल्या पाण्याच्या टाकीत तळ दिसत होता. पाच माणसांनी सकाळी बादलीभर पाण्यानेच आंघोळ केली तरी ऐंशी-नव्वद लिटर जातात, उरलं ते भांड्यांना.

कॅराव्हॅनची जाहिरात 'हवं तिथे थांबा' अशी असते. थांबता येतं हे खरं, पण थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार गोष्टी लागतातच: पाणी भरायला नळ, विजेला पंधरा अँपिअरचा पॉइंट, सांडपाणी सोडायला झाडं आणि मैला रिकामा करायला चालती सेप्टिक टाकी. खोली घेऊन राहणाऱ्या पाहुण्याला यातलं काहीच विचारावं लागत नाही, घरमालकाने ते आधीच करून ठेवलेलं असतं. त्या संध्याकाळी हर्णैला यातली एकही गोष्ट त्यांना सापडली नाही. वर्षअखेर असल्यामुळे लॉज भरलेले. एका लॉजवाल्याने पाण्याला हो म्हटलं, पण गाडी आत घ्यायला जागा नव्हती. शेवटी कुणीतरी आमचा नंबर दिला.

आमच्याही खोल्या भरलेल्या होत्या, पण त्यांना खोली नकोच होती. फाटकाची कमान तीन मीटरला टेकेल म्हणून गाडी बाहेर आडोशाला लावली आणि विहिरीवरच्या पंपाच्या पॉइंटवरून जाड वायर ओढली. रात्री आमच्याकडे दाब कमी असतो, एसीचा कंप्रेसर दोनदा बसला, मग चालकानेच सांगितलं की नुसती बॅटरी चार्ज होऊ द्या, एसी नको. वाडीत झाडांखाली रात्री पंखाही पुरतो. आजी ओटीवर बसून होत्या. नऊच्या सुमारास पूर्वेला टेकडीवर चंद्र आला, त्यांनी ओवाळलं, आणि आमच्याकडे केलेले मोदक खाऊन उपास सोडला. चालकाला गाडीत झोपायची सोयच नव्हती, पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपायचा म्हणे. त्याला ओटीवर खाट दिली. दुसऱ्या दिवशी घाट आणि फेरीबोट चालवायची आहे त्या माणसाच्या झोपेसाठी भाड्याच्या गाडीत खाट नसावी, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात वाईट वाटलं. पाच जणांचा जीव त्याच्या हातात होता.

मैल्याच्या पेटीवर मात्र आमच्या घरात वाद झाला. गाडीत दुर्गंधी मारायला जे निळं औषध घालतात त्याच्या बाटलीवर फॉर्मल्डिहाइड लिहिलेलं होतं. सेप्टिक टाकी चालते ती जिवाणूंवर, आणि हे औषध जिवाणूच मारतं. त्यात आमची जमीन वाळूची, पाणी पुरुष-दोन पुरुषांवर लागतं, आणि सगळी वाडी त्या एका विहिरीवर. शोषखड्डा आणि विहिरीत पंधरा मीटर तरी अंतर राखा असं सांगतात ते याचसाठी. सांडपाणी पोफळींना चालतं, हे चालत नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, पाहुणे आहेत, ओतू दे. मी नाही म्हटलं. सुदैवाने जुन्या संडासाची वेगळी टाकी होती आणि ती उपसायला दापोलीहून गाडी येणारच होती, तिच्यात ते गेलं. पाहुण्याला राग आला तरी चालेल, पण विहिरीच्या बाबतीत भिडेखातर हो म्हणू नये, असं किनाऱ्यावरच्या प्रत्येक यजमानाला माझं सांगणं आहे.

सकाळी उजेडात त्या लोकांनी विचारलं, तुमच्याकडे इतकी झाडं आणि बाहेर गाडीवर सावली का नाही? 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमची निम्मी वाडी आडवी केली. नारळ उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळे या किनाऱ्यावर अशा पत्र्याच्या गाडीला दिवसभर सावली मिळेल अशी जागा आधी विचारूनच घ्यावी लागते.

रविवार: तेच हर्णै

गाडी फाटकाशीच ठेवली. चालक आणि गावातला एक नळकाम करणारा मुलगा असे दोघे तोटीला लागले. ओहोटी आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास पुढे, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला. मी त्या कुटुंबाला सकाळी लवकरच सहाआसनी रिक्षाने हर्णैला पाठवलं. सकाळीही तिथे लिलाव असतो. बैलगाड्या पाण्यात, वाळू रुंद, ऊन कोवळं, आणि पाठीमागे ओढायला सात मीटरची गाडी नाही. तिथून होडीने सुवर्णदुर्ग. मुलांनी दारातल्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती शोधून काढला, त्याबद्दल दोघं जेवताना एकमेकांना पुरे म्हणेपर्यंत बोलत होती.

आजी किल्ल्यावर गेल्या नाहीत. त्या बंदरावरच थांबल्या, कालच्याच त्या कोळंबीवाल्या बाईजवळ, उलट्या क्रेटवर बसून. आजींचं माहेर रेवदंड्याचं हे तेव्हा आम्हाला कळलं. त्यांनी पापलेटाचा कल्ला उचलून आतला रंग पाहिला, पोटावर अंगठा दाबला, खळगा राहिला तसा मासा बाजूला सारला आणि दुसरा घेतला. बाई हसली आणि म्हणाली, "म्हातारे, तू काल का नाय उतरलीस गाडीतून?" भावात दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले असतील. ते पापलेट दुपारी आमच्या चुलीवर शिजलं.

सून मात्र हर्णैबद्दल शेवटपर्यंत साशंकच राहिली, आणि तिच्यावर मी काही लादलं नाही. ती म्हणाली, "काकू, बंदर चांगलं आहे, पण मुक्कामाचं नाही." माझं मतही तेच आहे. जिथे पहाटे इंजिनं सुरू होतात, बर्फ फुटतो, माल चढतो, तिथे झोपायला जाऊच नये, आणि तिथल्या लोकांनी आपल्यासाठी ते काम हळू करावं अशी अपेक्षाही धरू नये. कधी कॅराव्हॅनसाठी जागा करायची झालीच तर ती बंदरावर नको. वर दापोलीच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, करावी, जिथे रस्ता रुंद आहे, रात्री हवा थंड आहे आणि विहिरी किनाऱ्यासारख्या वाळूत नाहीत. पंधरा-सोळा किलोमीटर अंतर, छोट्या गाडीने खाली उतरायला अर्धा तास. एक नळ, मीटर लावलेले विजेचे पॉइंट, औषधाशिवायचा मैला घेईल अशी टाकी आणि चालकांसाठी एक खोली, एवढं असलं तरी पुष्कळ.

आता अशा गाडीसाठी फोन आला की मी आधी तारीख विचारते आणि कॅलेंडर पाहून फेरीबोटीची वेळ सांगते. मग गाडीचं शेपूट किती, संडासात कोणतं औषध, चालक कुठे झोपणार, हे विचारते. दोन-तीन जणांनी चालकाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, त्यांना मी जागा दिली नाही.

हे कुटुंब सोमवारी, 1 जानेवारीला निघालं. ओहोटी आणखी पुढे, साडेदहाच्या सुमारास. चालकाने स्वतःच बोटांवर हिशेब केला आणि दुपारचं जेवण उरकून दाभोळला दीड वाजता, पाणी अर्ध्यावर चढल्यावर, गाडी उतारावर घातली. धोपाव्याला उतरून त्याने फोन केला. मागचा भाग टेकला नव्हता, नवी तोटी कोरडी होती. मग त्याने गणपतीपुळ्याला पेटी कुठे रिकामी करता येईल ते विचारलं. मी म्हटलं, दादा, निळी बाटली आता उघडूच नका, आणि ज्याची स्वतःची मोठी सेप्टिक टाकी आहे अशा लॉजवाल्याला आधी फोन करून, पैसे ठरवून मगच जा.